चाळीस की दोनशेचाळीस?



या सदरात मी एरवी फोन, पासवर्ड, ऑनलाइन व्यवहार असल्या गोष्टींवर लिहितो. या महिन्याचा विषय मी निवडलेला नाही, तो घरातून आला आहे.

माझी भाची बारावीत आहे. इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात बारावीच्या मुलांचं जे ठरलेलं असतं, तेच तिचंही ठरलेलं होतं. कॉम्प्युटर सायन्स, बरं कॉलेज, मग पुणे नाहीतर बंगळुरू. एका रविवारी सगळे पोहे-जिलेबी खायला जमलो असताना ती म्हणाली, "मला इंजिनिअरिंग नाही करायचं. फिजिक्स करायचंय. रिसर्च."

ताईने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी शिकवून ठेवलं होतं. जिजाजी शांतपणे म्हणाले, "फिजिक्स करून पुढे काय?" आजी म्हणाली, "अगं, आधी खाऊन तर घे." आणि भाचीने मला ओढलं, "मामा, तू सांग ना आईला. तुलाही फिजिक्सच आवडायचं ना?"

आवडायचं, हे खरं. पण मी बी. ई. केलं, नोकरी धरली, आणि फिजिक्स मागे राहिलं. त्यामुळे मला लगेच काही बोलता आलं नाही. म्हटलं, "आधी मला कळू दे तुला नक्की काय आवडलंय."

झालं होतं असं की, शाळेबरोबर ती कॅटला जाऊन आली होती. त्याचं नाव आता राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असं आहे, पण आपण इंदूरवाले अजून कॅटच म्हणतो. १९८४ पासून आपल्या गावात असलेली ही संस्था, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना तिथला फक्त रस्ता माहीत आहे. तिथे तिला कुणीतरी सांगितलं की इथे लेझरने अणू थंड करतात. ती घरी आली ती हाच प्रश्न घेऊन, "लेझरने तर पत्रा कापतात. मग थंड कसं करतील?"

मला उत्तर येत नव्हतं. दोन-तीन आठवडे रात्री वाचत बसलो. वाचता वाचता एका माणसाची कारकीर्द समोर आली, आणि भाचीला नि ताईला दोघींना सांगण्यासारखं मला त्यात सापडलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

त्यांचं नाव विल्यम फिलिप्स. जन्म १९४८ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. आई-वडील दोघंही समाजसेवेच्या क्षेत्रात नोकरी करणारे, आई मूळची इटलीची. घरात कुणी शास्त्रज्ञ नव्हता. मुलाने मात्र तळघरात आपली छोटी प्रयोगशाळा मांडली होती. पुढे जुनियाटा नावाच्या एका लहान कॉलेजातून १९७० मध्ये पदवी, आणि मग एमआयटीत डॅनिएल क्लेप्नर यांच्याकडे पीएच. डी.

इथे एक गोष्ट मला फार ओळखीची वाटली. आपल्याकडे गाण्यात घराणं असतं. उस्ताद अमीर खाँसाहेबांमुळे आपल्या शहराचंही घराणं झालं. फिजिक्समध्येही तसंच असतं. कोलंबिया विद्यापीठात इसिडोर राबी होते, त्यांनी अणूंच्या झोतावर अत्यंत अचूक मोजमापं करायची पद्धत काढली. नोबेल १९४४. त्यांचे शिष्य नॉर्मन रॅम्सी, नोबेल १९८९. रॅम्सींचे शिष्य क्लेप्नर, आणि क्लेप्नरांचे शिष्य फिलिप्स. या घराण्याची गायकी एकच: जे मोजायचं ते आधीच्यापेक्षा अचूक मोजायचं, आणि आकड्यापुढे चूक किती असू शकते तेही प्रामाणिकपणे लिहायचं.

फिलिप्स यांच्या प्रबंधाचा मुख्य भाग तसाच होता. पाण्यातल्या प्रोटॉनचं चुंबकत्व किती, हे मोजणं. ऐकायला अगदी कोरडं. पण त्याच सुमारास रंग हवा तसा बारीक बदलता येणारे लेझर प्रयोगशाळांत येऊ लागले होते. त्यांनी लेझरचाही एक प्रयोग हाती घेतला आणि १९७६ मध्ये दोन्ही मिळून प्रबंध सादर केला. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, ते वॉशिंग्टनजवळच्या गेथर्सबर्ग इथल्या राष्ट्रीय मानक संस्थेत रुजू झाले. मीटर, किलोग्रॅम, अँपिअर ही मापं सांभाळणारी सरकारी संस्था. त्यांना नेमून दिलेलं काम विजेशी संबंधित अचूक मोजमापाचं होतं. लेझरने अणू थंड करायचा उद्योग ते त्यातूनच वेळ काढून करत होते. वरिष्ठांनी अडवलं नाही, हे त्यांचं नशीब आणि त्या वरिष्ठांचं शहाणपण.

आता भाचीचा प्रश्न. लेझरने थंड कसं होतं?

आधी हे लक्षात घ्या की वायूचं तापमान म्हणजे त्यातल्या अणूंची पळापळ. जितके जोरात पळतात तितका वायू गरम. म्हणजे थंड करायचं तर अणूंना हळू करायचं. आता रंगपंचमीची गेर डोळ्यांसमोर आणा. राजवाड्याकडून समोरून पाण्याचे फवारे येतायत आणि तुम्ही त्यांच्या दिशेने धावताय. एकेका थेंबाने काही होत नाही, पण हजारो थेंब आदळले की पाय मंदावतात. प्रकाशही असाच कणाकणाने येतो. त्या कणाला फोटॉन म्हणतात. समोरून येणारा फोटॉन अणूने गिळला की अणूला एक बारीकसा धक्का बसतो. मग अणू तो फोटॉन परत बाहेर टाकतो, पण कुठल्याही दिशेला, त्यामुळे बाहेर टाकतानाचे धक्के सरासरीत एकमेकांना खोडतात. समोरून बसलेले धक्के मात्र साठत जातात.

आकडे बघा. भट्टीतून निघालेला सोडियमचा अणू सेकंदाला साधारण १००० मीटर वेगाने येतो. एका फोटॉनच्या धक्क्याने त्याचा वेग कमी होतो सेकंदाला फक्त ३ सेंटीमीटर. म्हणजे तो थांबवायला तीस हजारांहून जास्त फोटॉन लागतात. एलईडी येण्याआधी आपल्या रस्त्यांवर जे पिवळे दिवे असायचे ते याच सोडियमचे. तोच पिवळा रंग सोडियमचा अणू गिळतो, दुसरा नाही.

आणि इथेच अडचण येते. आगगाडी आपल्याकडे येत असताना शिट्टी चढी ऐकू येते, लांब जाताना उतरती. पळणाऱ्या अणूलाही समोरून येणाऱ्या प्रकाशाचा रंग थोडा वेगळा दिसतो. लेझरचा रंग त्या वेगाला जुळवून ठेवला, तर काही शे धक्क्यांनंतर अणू मंदावतो, आणि मग तोच रंग त्याला जुळेनासा होतो. पुढचे फोटॉन तो गिळतच नाही, सरळ निघून जातो.

फिलिप्स आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड मेटकाफ यांनी १९८२ मध्ये यावर तोड काढली. चुंबकीय क्षेत्रात अणूचा स्वतःचा रंगही थोडा सरकतो. म्हणून त्यांनी अणूच्या वाटेवर तारेचं एक लांब वेटोळं ठेवलं, सुरुवातीला जास्त फेरे, पुढे कमी कमी. अणू जसा मंदावेल तसं चुंबकत्व कमी होत जाईल, आणि लेझरचा रंग त्याला संपूर्ण वाटभर जुळत राहील. हे वेटोळं आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं. चुंबकत्व मोजण्यात घालवलेली ती कोरडी वर्षं वाया गेली नव्हती. १९८५ पर्यंत त्यांनी अणू पूर्ण थांबवले आणि ते चुंबकाच्या सापळ्यात धरूनही ठेवले.

त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये स्टीव्हन चू यांच्या गटाने पुढचं पाऊल टाकलं. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा सहा बाजूंनी लेझर सोडले. अणू कुठेही पळू पाहो, समोरून धक्का बसणारच. त्यांनी याला 'ऑप्टिकल मोलॅसिस' म्हटलं, म्हणजे प्रकाशाची काकवी. काकवीत मुंगी अडकावी तसे अणू त्यात अडकत. त्यांनी तापमान मोजलं. उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला निरपेक्ष शून्य म्हणतात, त्याखाली जाताच येत नाही. तिथून वर फक्त २४० मायक्रोकेल्व्हिन, म्हणजे एका अंशाचे दहा लाख भाग केले तर त्यातले २४०. सिद्धांतही हेच सांगत होता. सोडियमसाठी या पद्धतीने २४० च्या खाली जाता येणार नाही, असं गणित होतं. मोजलं २४०, गणित २४०. विषय संपला.

फिलिप्स यांच्या गटाला मात्र तो संपलेला वाटेना. त्यांनी काकवीचे बाकीचे गुण मोजायला घेतले. अणू तिच्यात किती वेळ टिकतात, लेझरचा रंग थोडा बदलला तर काय होतं. आणि हे आकडे गणिताशी जुळेनात. म्हणून त्यांनी तापमान पुन्हा, नव्या पद्धतीने मोजायचं ठरवलं.

पद्धत साधीच होती. अणूंना थर्मामीटर लावता येत नाही. पण लेझर बंद केले की अणू सुटतात, पसरतात आणि खाली पडू लागतात. थोडं खाली दुसरा एक बारीक किरण ठेवायचा आणि अणू तिथे कधी पोहोचतात याची वेळ घ्यायची. गरम असतील तर लवकर आणि विखरून पोहोचतील, थंड असतील तर दगड पडावा तसे जवळजवळ एकदम. १९८८ मध्ये त्यांनी असं मोजलं, आणि उत्तर आलं ४० मायक्रोकेल्व्हिनच्या आसपास. गणिताने घातलेल्या मर्यादेच्या सहाव्या भागाइतकं.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी रात्री चालणाऱ्या एका प्रोग्रामला चाळीस मिनिटं लागायची. मी त्यात बदल केले आणि तो सहा मिनिटांत संपायला लागला. टीमने पाठ थोपटली, मीही खूश. तीन दिवसांनी कळलं की एका अख्ख्या शहराच्या नोंदी तो वाचतच नव्हता. सहा मिनिटं लागली कारण काम अर्धवट होत होतं. चूक माझीच. उत्तर इतकं छान आलं होतं की मी ते तपासलंच नाही.

फिलिप्स यांचं उत्तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त छान होतं. अपेक्षेपेक्षा इतकं थंड कुणाचंच कधी होत नाही. प्रयोगशाळेत ठरवलेल्यापेक्षा काहीतरी वाईटच होत असतं. म्हणून त्यांनी पहिला संशय स्वतःच्या मोजण्यावर घेतला. किरण खाली ठेवून मोजलं होतं, आता तो वर ठेवला आणि अणू कारंज्यासारखे वर किती उडतात ते पाहिलं. आणखी पद्धतींनी पडताळलं. आकडा २४० कडे परत जाईना. मग जगातल्या दुसऱ्या गटांना कळवलं की आम्हाला असं असं दिसतंय, तुम्ही बघा. पॅरिसमध्ये क्लोद कोएन-तानुजी यांचा गट आणि एव्हाना स्टॅनफर्डला गेलेले चू यांचा गट, दोघांनाही तेच दिसलं.

म्हणजे थर्मामीटर बरोबर होता. गणित अपुरं होतं.

अपुरं कुठे होतं, तेही लवकरच कळलं. जुन्या गणितात अणू फार साधा धरला होता, जणू त्याला दोनच पायऱ्या आहेत, एक खालची, एक वरची. खऱ्या सोडियममध्ये खालची पायरीच अनेक उपपायऱ्यांची असते. सहा लेझरांच्या प्रकाशात या उपपायऱ्यांची उंची जागोजागी बदलते, टेकड्या-दऱ्यांसारखी. अणू टेकडी चढतो, चढताना दमतो, आणि माथ्याजवळ पोहोचताच प्रकाश त्याला दुसऱ्या उपपायरीवर, म्हणजे थेट दरीच्या तळाशी नेऊन ठेवतो. पुन्हा चढ, पुन्हा तळ. आपल्या सापशिडीत प्रत्येक शिडीच्या टोकाला साप असावा तसं. दर फेरीला अणूची थोडी ऊर्जा जाते. ग्रीक पुराणात अनंतकाळ डोंगरावर दगड चढवत राहणारा सिसिफस आहे, त्याचंच नाव या पद्धतीला पडलं. कोएन-तानुजी आणि त्यांचे सहकारी ज्याँ दालिबार यांनी हे १९८९ मध्ये मांडलं, आणि चू यांच्या गटानेही तेव्हाच. पुढे फिलिप्स एक वर्ष पॅरिसला जाऊन त्यांच्याबरोबर राहिले, आणि १९९० मध्ये सीझियमचे अणू २.५ मायक्रोकेल्व्हिनपर्यंत खाली आणले गेले.

१९९७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळून मिळालं. चू, कोएन-तानुजी, फिलिप्स.

हे सगळं मी पुढच्या रविवारी घरी सांगितलं. जिजाजींनी व्यवहाराचा प्रश्न विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. "एवढं थंड करून उपयोग काय?"

उपयोग असा की, थंड अणू हळू असतो, म्हणून तो आपल्या हातात जास्त वेळ राहतो, आणि जास्त वेळ मिळाला की जास्त अचूक मोजता येतं. घड्याळाचंच बघा. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवरून ठरते, त्याची ९,१९२,६३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. जुन्या घड्याळांत हे अणू भरधाव निघून जायचे. १९९९ मध्ये फिलिप्स यांच्याच संस्थेच्या बोल्डर इथल्या शाखेत जे घड्याळ सुरू झालं, त्यात थंड केलेले सीझियमचे अणू हळूच वर उडवायचे आणि ते परत खाली येईपर्यंत, साधारण एक सेकंद, त्यांना वाचायचे. २०२२ मध्ये बोल्डरलाच जुन ये यांच्या गटाने प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळात एका मिलिमीटरच्या उंचीने काळाच्या गतीत पडणारा फरकही टिपला. खाली गुरुत्वाकर्षण जास्त, म्हणून काळ किंचित हळू, हे आइनस्टाइनचं म्हणणं. ते त्यांना मिलिमीटरभर ढगात दिसलं.

दुसरा उपयोग गुरुत्वाकर्षण मोजण्याचा. चू आणि त्यांचे विद्यार्थी मार्क कासेविच यांनी १९९१ मध्ये थंड सोडियमवर हे करून दाखवलं. अणू हा कणही आहे आणि लाटही. लेझरचा एक ठोका दिला की ती लाट दोन वाटांना फुटते, दुसऱ्या ठोक्याला वाटा एकमेकींकडे वळतात, तिसऱ्याला परत मिळतात. पडताना गुरुत्वाकर्षणाने लाटेत जो फरक पडतो तो मिळताना दिसतो. पडायचा वेळ दुप्पट केला की अचूकता चौपट होते. म्हणूनच हळू, म्हणजे थंड, अणू हवेत. हेच कासेविच पुढे याच विषयाचे मोठे प्राध्यापक झाले. स्टॅनफर्डमधल्या दहा मीटर उंचीच्या यंत्रात त्यांच्या गटाने २०१५ मध्ये एकाच अणूच्या लाटेच्या दोन वाटा ५४ सेंटीमीटर लांब नेऊन परत जुळवल्या. १९९९ मध्ये चू यांच्या गटाने सीझियमचा अणू आणि काचेचा तुकडा सारखेच पडतात का, तेही तपासलं. काही अब्जांश भागांपर्यंत सारखेच.

आणि २०२२ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने हे यंत्र प्रयोगशाळेबाहेर रस्त्यावर नेलं. एकावर एक दोन थंड ढग ठेवले, म्हणजे रस्त्याची थरथर दोघांत सारखी येते आणि वजाबाकीत जाते. रस्त्याखाली दोन मीटर रुंदीचा बोगदा होता. जिथे माती नाही तिथे ओढ किंचित कमी. न खणता त्यांना तो बोगदा वरून दिसला. मी जिजाजींना म्हटलं, "आपल्या कॉलनीत पाइपलाइन कुठे आहे ते बघायला तीनदा रस्ता खणला, आठवतंय?" ते हसले. पहिल्यांदाच.

याला आता क्वांटम सेन्सिंग म्हणतात, आणि हे लांबचं राहिलेलं नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत ६००३.६५ कोटी रुपयांचं. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. आणि रुबिडियमचे अणू थंड करणारी मंडळी तर आपल्या कॅटमध्येच बसतात.

पण मी ताईला नुसती गोड बाजू सांगितली नाही. पाच वर्षांची पदवी, मग पाच-सहा वर्षं पीएच. डी., मग पोस्टडॉकसाठी दोन-तीन वर्षं कुठेतरी. जेआरएफ आज महिना ३७ हजार आहे, घरभाडं वेगळं. बरोबरीची मुलं तोवर फ्लॅट घेतात. आणि मेहनत केली म्हणून पहिला नंबर मिळेलच असंही नाही. फिलिप्स यांचे गुरू क्लेप्नर यांचीच गोष्ट घ्या. ढाक्याला शिकवणारे सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये आइनस्टाइनला जो लेख पाठवला, त्यावरून भाकीत निघालं होतं की अणू पुरेसे थंड केले तर ते सगळे मिळून एकच लाट होतील. क्लेप्नर हे हायड्रोजनमध्ये घडवायला सत्तरच्या दशकाच्या शेवटी निघाले. १९९५ मध्ये ते घडलं, पण दुसऱ्यांच्या हातून, रुबिडियममध्ये. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन. त्यातले वीमन विद्यार्थी असताना क्लेप्नर यांच्याच प्रयोगशाळेत शिकले होते, आणि कॉर्नेल त्यांच्या शिष्याचे शिष्य. क्लेप्नर थांबले नाहीत. १९९८ मध्ये त्यांचा हायड्रोजनही झाला. वीस वर्षांनी, आणि पहिला नाही.

भाची ऐकत होती. "चालेल," ती म्हणाली. सतराव्या वर्षी सगळंच चालतं, हे ताईला आणि मला दोघांनाही माहीत आहे. म्हणून मी तिला सांगितलं, आयसरची परीक्षा दे, भोपाळ आपल्याला जवळ आहे. जेईईही दे. आणि फॉर्म भरण्याआधी कुणा पीएच. डी. करणाऱ्या मुलाशी नाहीतर मुलीशी तासभर बोल, प्राध्यापकांशी नाही. त्यांचा दिवस कसा जातो ते विचार. पंप बिघडतो, लेझर जुळत नाही, महिनाभर एकही आकडा मिळत नाही, त्या दिवसांबद्दल विचार. ते ऐकूनही करावंसं वाटलं तर कर.

ताई इतका वेळ भाजी निवडत होती. ती मधेच म्हणाली, "पण मग ज्याने दोनशेचाळीस मोजलं होतं, तो चुकला ना रे? त्याचं काय झालं?"

मी म्हटलं, "ताई, तेच तर चू. त्यांच्या पहिल्या मोजमापात अनिश्चितता बरीच होती आणि तसं त्यांनी लिहिलंही होतं. चाळीसचा आकडा आल्यावर तो खरा आहे हे पडताळणाऱ्यांत तेच होते, आणि का खरा आहे हे सांगणाऱ्यांतही तेच. नोबेल त्यांनाही मिळालं, फिलिप्स यांच्या शेजारी बसून."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग भाचीला म्हणाली, "तो आयसरचा फॉर्म कधी निघतो ते बघून ठेव. आणि जेईईचा अभ्यास सोडायचा नाही, सांगून ठेवते."

अजून काहीच ठरलेलं नाही. निकाल लागायचाय, परीक्षा व्हायच्यात. पण प्रश्न "फिजिक्स करून पुढे काय" वरून "फॉर्म कधी निघतो" पर्यंत आलाय, आणि आमच्या घरासाठी ते पुष्कळ आहे.

तुमच्याही घरात असा एखादा बारावीचा वाद चालू असेल, तर एक करा. मुलांना "भविष्य काय" हे विचारण्याआधी "तुला नक्की काय आवडलं" हे विचारा, आणि उत्तर कळलं नाही तर दोन आठवडे स्वतः वाचा. मला पंधरा वर्षांनी पुन्हा फिजिक्स वाचायला मिळालं ते यामुळेच.

पुढच्या महिन्यात परत आपल्या नेहमीच्या विषयावर. यूपीआयच्या नावाखाली सध्या जे फोन येतायत, त्यांच्याबद्दल बोलायचंय.